हॅम रेडिओ: नकाशावर हवामानाचा इशारा का दिसत नाही?

धाराशिव जिल्ह्याला ऑरेंज अलर्ट आहे, वीज चमकते आहे, पण लॅपटॉपवरचा हॅम रेडिओचा नकाशा मात्र कोराच. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरसारख्या गावात कुणी एपीआरएस सॉफ्टवेअर सुरू केलं, तर हा अनुभव ठरलेला. मग अँटेना तपासली जाते, केबल बदलली जाते, सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल होतं. बहुतेक वेळा यातलं काहीच बिघडलेलं नसतं. हा इशारा मुळात तिथे येणारच नसतो.

एपीआरएस म्हणजे काय?

हौशी रेडिओचालक आपलं ठिकाण, छोटे संदेश आणि हवामान केंद्राची मोजमापं रेडिओवरून डिजिटल पाकिटांच्या रूपात पाठवतात. अमेरिकेतल्या बॉब ब्रुनिंगा यांनी ही पद्धत विकसित केली. नकाशावर ही पाकिटं दाखवणारी सॉफ्टवेअर बरीच आहेत: लिनक्सवालं एक्सॅस्टिर, जावावर चालणारं याक, विंडोजवरचं जुनं यूआय-व्ह्यू. हीच पाकिटं इंटरनेटवरच्या एपीआरएस सर्व्हरवरही मिळतात. तिथे नुसतं पाहायचं असेल तर पासकोडच्या जागी उणे १ टाकून काम भागतं. प्रक्षेपण करायचं असेल तर परीक्षा आणि दूरसंचार विभागाचा परवाना लागतोच.

सास्तूरच्या लोकांना संपर्क तुटण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात किल्लारी-सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला. हॅम रेडिओचं महत्त्व अशाच वेळी कळतं. २००४ च्या त्सुनामीत पोर्ट ब्लेअरला असलेल्या भारती प्रसाद यांच्या हॅम केंद्राने अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क जोडून ठेवला होता.

इशारा अडतो कुठे?

या सॉफ्टवेअरमधली इशाऱ्यांची सोय अमेरिकेच्या नॅशनल वेदर सर्व्हिससाठी बांधलेली आहे. तिथले इशारे एपीआरएसच्या साच्यात बसवून सर्व्हरवर सोडले जातात. भारतीय हवामान विभागाचे इशारे या जाळ्यात आपोआप येत नाहीत. सास्तूरमध्ये नकाशा कोरा दिसण्याचं हे पहिलं आणि सगळ्यात मोठं कारण. कोरा नकाशा म्हणजे निरभ्र आकाश, असा अर्थ काढणं त्यामुळेच धोक्याचं आहे.

दुसरी गोष्ट नकाशाच्या फाइलींची. अमेरिकी इशाऱ्याच्या संदेशात काउंटीचं नाव किंवा विभागाचा संकेतांक असतो, सीमारेषा नसते. ती संगणकात साठवलेल्या शेपफाइलमधून उचलली जाते. फाइल नसेल किंवा जुनी असेल तर संदेश येऊनही नकाशावर रंग भरत नाही. धाराशिवची शेपफाइल मिळवून टाकली तरी तिला जागं करणारा संदेशच नसल्यामुळे ती नुसती पडून राहते.

आपलं सॉफ्टवेअर धड आहे की नाही, हे मात्र तपासता येतं. सर्व्हरच्या फिल्टरमध्ये आपण साधारणपणे 'माझ्यापासून इतक्या किलोमीटरच्या आतलं दे' असं मागतो. पण इशाऱ्याच्या संदेशाला अक्षांश-रेखांश नसतात, त्यामुळे तो या चाळणीतून गळून जातो. फिल्टरमध्ये 'टी', तिरपी रेघ आणि 'एन' असं लिहिलं की अमेरिकी हवामान संदेशांचा प्रकार वेगळा मागितला जातो. तिथे वादळी हवा असेल तेव्हा संदेशांच्या खिडकीत ओळी उतरू लागल्या, तर आपल्या बाजूला सगळं ठीक आहे. आपल्याकडच्या इशाऱ्यांसाठी मग दुसरीकडेच पाहायला हवं.

सास्तूर जमैकात गेलं तर?

जागेची चूक फार होते. सास्तूर साधारण १८ अंश उत्तर आणि ७६.५ अंश पूर्वेला आहे. सॉफ्टवेअरमध्ये पूर्वेऐवजी पश्चिम राहून गेलं, तर आपलं केंद्र थेट कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर जाऊन बसतं. एवढी मोठी चूक निदान दिसते तरी. लबाड चूक वेगळीच असते: एपीआरएसमध्ये दशांश अंश चालत नाहीत, अंश आणि मिनिटं द्यावी लागतात. ७६.५० अंश म्हणजे ७६ अंश ३० मिनिटं. तिथे ५० मिनिटं लिहिली की गाव सुमारे ३५ किलोमीटर पूर्वेला सरकतं आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

वेळेचंही तसंच. संदेशातली मुदत जागतिक वेळेत असते आणि आपण तिच्या साडेपाच तास पुढे. संगणकात टाइमझोन चुकीचा असेल तर चालू असलेला इशारा 'मुदत संपली' म्हणून पुसला जाऊ शकतो.

घरी हवामान केंद्र जोडणाऱ्यांसाठी आणखी एक. एपीआरएसमध्ये तापमान फॅरनहाइटमध्ये आणि पाऊस इंचाच्या शंभराव्या भागात जातो. मे महिन्यातले ४० अंश सेल्सिअस म्हणजे १०४. कुणी सरळ ४० पाठवले तर नकाशावर ते साडेचार अंशांच्या आसपास दिसतात, म्हणजे मराठवाड्यात भर उन्हाळ्यात महाबळेश्वरची थंडी!

मग इशारा घ्यायचा कुठून?

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' हे पोर्टल आणि ॲप ठिकाणानुसार अधिकृत इशारे देतं, तेही मराठीत. हवामान विभाग जिल्हावार हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे रंग जाहीर करतो. काही तासांपुरता तातडीचा अंदाजही देतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यातली वीज दाखवतं. रानात काम करणाऱ्याच्या फोनमध्ये ते असावंच.

परवानाधारक हॅमला हे इशारे आपल्या नकाशावर आणता येतात, पण हाताने. एपीआरएसमध्ये 'बुलेटिन' पाठवता येतं किंवा नकाशावर एखादी खूण, म्हणजे 'ऑब्जेक्ट', ठेवता येते. त्यात जिल्हा, रंग, मुदत आणि इशारा कुणाचा आहे ते लिहावं. स्वतःचा अंदाज त्यात मिसळू नये. मुदत संपली की ती खूण मागे घेण्याचा संदेशही पाठवावा लागतो, आणि नेमकं हेच बहुतेकांकडून राहून जातं. मग कालचा लाल इशारा आजच्या कोरड्या आभाळाखालीही नकाशावर टिकून राहतो.