चुलीजवळचे गणकयंत्र

घरातली सर्वांत कामाची भिंत कोणती, असे कोणी विचारले तर बेलाशक स्वयंपाकघरातल्या भिंतीकडे बोट दाखवावे. ओटी-माजघराच्या भिंतीवर देवादिकांच्या आणि वाडवडिलांच्या तसबिरी असतात. त्या पाहायच्या आणि हात जोडायचे. स्वयंपाकघरातली भिंत मात्र लिहिण्याची. दुधाचा रतीब किती दिवस आला, दळण कधी टाकले, उसने तेल कोणाकडून आणले, याच्या रेघोट्या पूर्वी कोळशाने नाही तर खडूने भिंतीवरच ओढल्या जात. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ काढले, आणि पुष्कळ मराठी घरांतल्या या रेघोट्या तारखेच्या चौकोनात जाऊन बसल्या. पुढे तिथी-वार आणि मागे वाचायला मजकूर नि पाककृती! घरच्या बाईला ते वापरायला कोणी शिकवावे लागले नाही. पेन्सिल दोऱ्याने बांधली, की काम सुरू.

आता याच भिंतीवर आणखी एक वस्तू आली आहे. ती म्हणजे बोटाने चालणारा संगणक. पाटीएवढा काचेचा पडदा भिंतीत बसवायचा. त्यावर आजची तारीख, बाजाराची यादी, मुलांच्या शाळेची वेळ, हवे तर एखादी पाककृती दिसते. परदेशांत आणि आपल्या शहरांतही हौशी माणसे असे यंत्र घरच्या घरी बनवतात. पण ते भिंतीपर्यंत पोचायला सुमारे अर्धशतक लागले. एवढा वेळ का लागला, ही गोष्ट नुसत्या तारा-खिळ्यांची नाही. ज्या बाईसाठी यंत्र म्हणून सांगितले, तिला कोणी विचारले होते का, याची ती गोष्ट आहे.

आरंभ अमेरिकेतल्या पिट्सबर्ग शहरी झाला. वेस्टिंगहाऊस कंपनीत जिम सदरलँड नावाचे एक इंजिनियर होते. कंपनीला नको झालेले यंत्राचे भाग त्यांनी मिळवले आणि १९६५-६६ च्या सुमारास आपल्या राहत्या घरात एक गणकयंत्र उभे केले. त्याचे नाव ‘इको फोर’. वजन सुमारे ८०० पौंड, म्हणजे ३६० किलोच्या घरात! साडेतीन क्विंटल धान्याची पोती रचावीत तशी त्याची कपाटे उभी होती. बाजाराची यादी करावी, घरातली ऊब कमीजास्त करावी, उपकरणे चालू-बंद करावीत, अशी कामे त्याला दिली होती. यंत्र विक्रीला कधी आले नाही. आज ते कॅलिफोर्नियातल्या संगणक-इतिहासाच्या संग्रहालयात आहे. हा एका घराचा प्रयोग होता, आणि प्रयोग म्हणून तो प्रामाणिक होता.

पुढची गोष्ट मात्र तशी नाही. १९६९ च्या नाताळात नीमन-मार्कस या अमेरिकेतल्या बड्या दुकानाने आपल्या सूचिपत्रात ‘स्वयंपाकघराचा संगणक’ छापला. यंत्र हनीवेल कंपनीचे, ‘३१६’ जातीचे. किंमत १०,६०० डॉलर. तेवढ्या पैशात त्या वेळी अमेरिकेत तीन नव्या मोटारी आल्या असत्या. यंत्राला पुढे भाजी चिरायची फळी जोडलेली, आणि सोबत स्वयंपाकाचा ॲप्रन भेट. जाहिरातीचा आशय असा, की या यंत्राला जसे गणित येते तसा या बाईला स्वयंपाक आला असता तर काय बहार झाली असती! विकायचे बाईच्या नावाने, आणि टोमणाही बाईलाच.

या यंत्राला पडदा नव्हता. समोर होती ओळीने बटणे आणि ओळीने दिवे. यंत्राची भाषा दोनच अक्षरांची, शून्य आणि एक. शिक्षकमंडळींनी फळ्यावर मांडून दाखवावे. डावीकडून आठ, चार, दोन आणि एक अशा चार घरांचे चार दिवे समजा. पहिला, दुसरा आणि चौथा पेटला, तिसरा विझलेला राहिला. म्हणजे आठ, चार आणि एक मिळून तेरा. वर्गात हा खेळ छान रंगतो. पण ओट्यावर भाजी करपते आहे, मूल रडते आहे, आणि पुढच्या पायरीत किती पाणी घालायचे ते दिव्यांतून वाचायचे, हे कोणाला जमणार? कंपनीलाही ते ठाऊक असावे. म्हणून यंत्राबरोबर दोन आठवड्यांचा शिक्षणवर्गही देऊ केला होता. म्हणजे बाईने यंत्राची भाषा शिकायची. यंत्राने बाईची नव्हे. स्वयंपाकासाठी म्हणून असे एकही यंत्र विकले गेल्याचा पुरावा नाही.

यंत्र वाईट होते का? मुळीच नाही. आजच्या इंटरनेटचे पूर्वरूप म्हणजे ‘अर्पानेट’ हे जाळे. त्यात संदेशांची ने-आण करायला १९७१ पासून याच ‘३१६’ जातीची यंत्रे बसवली गेली. ब्रिटनमध्ये ब्रॅडवेल येथील अणुवीजकेंद्रात तापमानावर नजर ठेवायचे काम एका ‘३१६’ने २००० सालापर्यंत केले. अणुभट्टीजवळ जे टिकले, ते चुलीजवळ टिकू शकले नाही! कारण अणुभट्टीजवळ ते कशासाठी हवे, हे तिथे काम करणाऱ्यांनी ठरवले होते. चुलीसाठी ते दुकानदाराने ठरवले.

मग हा अडसर दूर कसा झाला? तो स्पर्शाने झाला, आणि तोही स्वयंपाकघरापासून फार दूर. १९६५ साली इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील रडार संशोधन संस्थेतल्या ई. ए. जॉन्सन यांनी बोट लावून चालवायच्या पडद्याचे वर्णन प्रसिद्ध केले. आकाशातल्या विमानांची वाहतूक सांभाळणाऱ्यांना झटपट काम करता यावे, हा त्यांचा हेतू. पुढे १९७२ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ या शिक्षण-योजनेत असा पडदा विद्यार्थ्यांपुढे आला. पडद्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांची जाळी होती, सोळा बाय सोळा चौकोनांची. बोट आडवे आले की किरण तुटे, आणि मुलाने कोणत्या उत्तरावर बोट ठेवले ते यंत्राला कळे.

त्याच सुमारास जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या अणुसंशोधन केंद्रात एक मोठी अडचण उभी राहिली. अणूचे कण वेगाने फिरवणारे भले मोठे यंत्र तिथे बांधले जात होते. ते चालवायला हजारो बटणे आणि कळा लागल्या असत्या. बेंट स्टुम्पे आणि फ्रँक बेक या इंजिनियरांनी काचेवर सोळाच बटणे ठेवली, पण ती बहुरूप्यासारखी सोंग बदलणारी. जे काम हाती असेल त्याचीच नावे काचेवर उमटायची. बाकीची दडून राहायची. १९७६ साली हे पडदे तेथील नियंत्रण-कक्षात कामाला लागले.

या युक्तीचे मोल मोठे आहे. बोट दाखवणे ही तर तान्ह्या मुलाचीही भाषा. दोन आठवड्यांचा वर्ग आपोआप गळून पडला.

तरीही चुलीपर्यंतची वाट सोपी झाली नाही. २००० सालच्या अखेरीस थ्रीकॉम या अमेरिकन कंपनीने ‘ऑड्री’ नावाचे स्पर्शाने चालणारे छोटे यंत्र खास घरासाठी, मुख्यतः स्वयंपाकघरासाठी काढले. किंमत ४९९ डॉलर. पण २००१ मध्येच कंपनीने ते बंद केले. गंमत अशी की पडून राहिलेली ही यंत्रे हौशी लोकांनी उचलली आणि उलगडून आपल्या गरजेप्रमाणे फिरवून घेतली. कोणी जुना लॅपटॉप उघडून त्याचा पडदा चौकटीत बसवू लागले. आता यंत्र घरचा माणूस घरासाठी बनवू लागला होता. या उद्योगाला खरा जोर आला तो २०१२ साली. इंग्लंडमधील केंब्रिजच्या मंडळींनी मुलांना संगणक शिकता यावा म्हणून ‘रास्पबेरी पाय’ नावाचा उघडा संगणक काढला. आकार पत्त्याच्या पानाएवढा, किंमत ३५ डॉलर. २०१५ साली त्याला जोडायचा सात इंची स्पर्शपडदाही आला.

असे यंत्र बनवायचे तर लागते काय? एक पडदा, एक छोटा संगणक, वीज पुरवणारा अडॅप्टर आणि लाकडी चौकट. यंत्र तापते, म्हणून चौकटीला मागे-खाली हवेची भोके हवीत. शेगडी आणि मोरी यांपासून ते लांब असावे. वाफ आणि फोडणीची वाफाळ तेलकटी दोन्ही त्याचे वैरी. भिंतीतल्या मुख्य विजेच्या तारांना मात्र जाणत्या वायरमननेच हात लावावा. पडद्याची जातही पाहून घ्यावी. हल्लीच्या फोनसारखा पडदा बोटाच्या विद्युत्-गुणावर चालतो; ओल्या हाताने तो गोंधळतो. दाबाने चालणारा पडदा कणकेच्या हाताला, अगदी चमच्याच्या दांड्यालाही दाद देतो.

पण मंडळी, पहिली पायरी याच्याही आधीची आहे. यंत्राला डब्यात डोकावता येत नाही. डाळ संपली हे त्याला कोणीतरी सांगावे लागते. ते सांगायचे काम कोणावर पडणार? जिच्यावर आधीच दहा कामे आहेत तिच्यावर अकरावे पडणार असेल, तर ते यंत्र तिच्यासाठी नाही, बनवणाऱ्याच्या हौसेसाठी आहे. ज्याचे जळते त्याला कळते.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. तुमच्या शाळेतली मुले असले काही बनवायला निघाली, तर पहिल्याच दिवशी त्यांच्या हाती पक्कड देऊ नका. त्यांना घरी पाठवा. आई, आजी, किंवा ज्या घरी वडील रांधतात तिथे वडील, दिवसभरात भिंतीकडे किती वेळा पाहतात, काय लिहितात, काय विसरतात, ते आठवडाभर वहीत टिपू द्या. मग सरळ विचारू द्या, “यातले काय सोपे झाले तर तुला हवे आहे?” उत्तर कदाचित यंत्र हे नसेलही. कदाचित ते असेल एक फळी, किंवा जरा खाली लावलेला दिवा. तसे असेल तर मुलांनी आनंदाने तेच करावे. आणि उत्तर यंत्र हे असेल, तर भिंतीवरची जागा आणि पडद्याची उंची त्या घरच्या रांधणाऱ्या माणसाने ठरवावी. खिळा मुलांनी नंतर ठोकावा.