मिरगी : चपलेपासून मेंदूतल्या तारेपर्यंत

आमच्या एकोडी-साकोली भागात कुणाला मिरगी आली की आजही कुणीतरी चप्पल हुंगवायला धावतो. झटका बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो, पण श्रेय चपलेला जातं. म्हणून हा थोडा इतिहास.

मिरगीवर फिनोबार्बिटल १९१२ मध्ये आलं, फेनिटॉइन १९३८ मध्ये. आज दहातल्या साधारण सात जणांचे झटके गोळ्यांनी आटोक्यात येतात. उरलेल्या तिघांचं काय?

१९५२ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चांडींनी भारतातली पहिली मिरगीची शस्त्रक्रिया केली. झटका जिथून सुटतो, तो मेंदूचा भाग काढायचा. पण ती जागाच सापडली नाही, किंवा तिथंच बोलण्याचं केंद्र असलं, तर कापणार कसं?

वाट दुसऱ्याच आजारातून निघाली. १९८७ मध्ये फ्रान्सच्या डॉ. बेनाबिद यांनी हातापायांचा कंप थांबवायला मेंदूत तार बसवून सतत सौम्य वीज दिली. नव्वदच्या दशकाअखेर मुंबईच्या जसलोकमध्ये डॉ. परेश दोशींनी हे तंत्र कंपवातासाठी आणलं. मिरगीसाठीची मोठी चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. अमेरिकेतले ११० रुग्ण, मेंदूच्या आत खोल दोन तारा, छातीच्या कातडीखाली बॅटरी. दोन वर्षांनी सर्वसाधारणपणे झटके निम्म्याहून कमी झाले. अमेरिकेनं २०१८ मध्ये मान्यता दिली. आजार मुळातून जात नाही, गोळ्या सुरूच राहतात आणि खर्च लाखांत जातो.

आणि आपला कायदा? १९७६ च्या दुरुस्तीनं हिंदू विवाह कायद्यात वेडाच्या शेजारी मिरगीला बसवलं. त्या कारणावरून लग्न रद्द ठरवता येत होतं. १९९९ मध्ये तो शब्द निघाला. कायद्यातून निघाला, लग्नाच्या बैठकीतून नाही. पोरीची मिरगी लपवायची, सासरी गोळ्या चोरून घ्यायच्या, मग बंद करायच्या. झटके वाढले की म्हणायचं, औषध लागूच पडत नाही!

डॉक्टरांचा हिशोब सरळ आहे. योग्य निवडलेली दोन औषधं, पुरेशा मात्रेत, नियमित घेऊनही झटके थांबले नाहीत, तरच औषध हरलं म्हणायचं. तसं झालं तर वर्षानुवर्षं त्याच गोळ्या ओढू नका, नागपूरला मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. शस्त्रक्रिया, तार हे सगळं त्यानंतरचं.

तोवर एवढं करा : माणसाला कुशीवर वळवा, तोंडात काही कोंबू नका, पाच मिनिटांवर झटका गेला तर दवाखाना गाठा. चप्पल पायातच राहू द्या.