बॉयकॉट म्हणजे बहिष्कार? एका शब्दाचा अर्थ शिकताना



आज आपण एकच इंग्रजी शब्द घेणार आहोत, 'बॉयकॉट'. हा शब्द आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेला आहे. वहीच्या पानावर मधोमध रेघ, डावीकडे शब्द, उजवीकडे अर्थ. बॉयकॉट म्हणजे बहिष्कार. झालं, पुढचा शब्द. परीक्षेत एक मार्क मिळाला आणि आपल्याला वाटलं, शब्द आला. पण रेघेच्या डाव्या बाजूच्या शब्दाचा जन्म वेगळा आहे आणि उजव्या बाजूच्या शब्दाचा वेगळा. ते दोन्ही इतिहास समजून घेतल्याशिवाय हा शब्द आपल्याला खरोखर आला असं म्हणता येणार नाही.

डावी बाजू आधी बघू. बॉयकॉट हे माणसाचं आडनाव आहे. चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्रज गृहस्थ आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात, लॉक मास्क नावाच्या सरोवराकाठी राहत होता. लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो एजंट. आपल्या भाषेत सांगायचं तर मालकाचा कारभारी. कुळांकडून खंड वसूल करायचा, नाही दिला तर कुळाला जमिनीवरून उठवायचं, हे त्याचं काम. १८७९ साली आयर्लंडमध्ये पीक बुडालं होतं. १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ अजून लोकांच्या आठवणीत होता. त्याच वर्षी मायकेल डेव्हिट आणि चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल यांची 'लँड लीग' स्थापन झाली. १८८० मध्ये लॉर्ड अर्नच्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. मालक १० टक्क्यांच्या वर जायला तयार नव्हता.

त्या सप्टेंबरात पार्नेलचं एनिस या गावी भाषण झालं. त्यानं सभेला विचारलं, शेजाऱ्याला हुसकावून लावलेल्या जमिनीवर जो दुसरा माणूस बोली लावतो, त्याचं काय करायचं? गर्दीतून उत्तर आलं, गोळी घाला. पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला मार्ग आहे. तो रस्त्यात दिसला, दुकानात दिसला, बाजारात दिसला, अगदी प्रार्थनेच्या जागी दिसला, तरी त्याच्याशी संबंध ठेवू नका. त्याला एकटा पाडा.

काही दिवसांतच लॉक मास्कच्या लोकांनी हा मार्ग वापरला, पण कुळावर नाही, थेट एजंटावर. बॉयकॉटचे नोकर काम सोडून गेले. लोहार येईना, धोबीण येईना, दुकानदार माल देईना. शेतात पीक उभं, कापायला माणूस नाही. त्यानं लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून आपली कैफियत मांडली, आणि गोष्ट जगभर गेली. नोव्हेंबरमध्ये उत्तरेकडून पन्नासेक मजूर आणले गेले, आणि त्यांच्या रक्षणासाठी सैन्य आणि पोलीस मिळून हजारभर माणसं. पीक होतं काही शे पौंडांचं. ते काढायचा खर्च त्याच्या कितीतरी पट झाला. वर्ष संपायच्या आत बॉयकॉट आयर्लंड सोडून गेला.

शब्द कसा झाला, त्याची हकीकत जेम्स रेडपाथ या अमेरिकन बातमीदारानं लिहून ठेवली आहे. त्या भागातल्या फादर जॉन ओमॅली नावाच्या पाद्र्याबरोबर तो जेवायला बसला होता. तो म्हणाला, मला एक शब्द अडतोय. एखाद्याला समाजातून वेगळं पाडण्यासाठी इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइज' आहे, पण इथल्या शेतकऱ्यांना तो कळायचा नाही. ओमॅली थोडा विचार करून म्हणाला, मग 'बॉयकॉट करणं' म्हटलं तर? विद्वानांचा शब्द बाजूला राहिला आणि गावकऱ्यांना कळणारा शब्द चालला. पुढे फ्रेंच, जर्मन, रशियन भाषांनीही तोच उचलला.

म्हणजे जन्माच्या वेळी या शब्दाची दिशा खालून वर होती. वार करणारे कुळं होते, ज्यांच्या हातात ना जमीन ना कायदा. आणि ज्याच्यावर वार झाला त्याच्यामागे सरकार उभं होतं.

आता रेघेची उजवी बाजू. 'बहिष्कार' म्हणजे बाहेर करणं, बाहेर काढणं. हा शब्द बॉयकॉटसाहेबाच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे आहे. कोणाला बाहेर काढायचं? जातीचा नियम मोडणाऱ्याला. रोटी बंद, बेटी बंद, सोयरसुतक बंद. त्यालाच आपण साध्या मराठीत 'वाळीत टाकणं' म्हणतो. जातीतल्या अशा तंट्यांना 'ग्रामण्य' असा खास शब्दही होता. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशी यांनी बोलावलेल्या मंडळींपुढे चहा ठेवला गेला. त्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, टिळकही होते. नावं छापून आली, ग्रामण्य उभं राहिलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, प्रायश्चित्तं झाली. एका कपाची एवढी किंमत! इथे शब्दाची दिशा वरून खाली आहे. ज्यांच्या हातात गाव आहे, पंचायत आहे, ते एकट्या माणसाला बाहेर काढतात.

हे दोन शब्द एकमेकांना जोडले गेले ते १९०५ मध्ये. बंगालच्या फाळणीविरुद्ध ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये विलायती मालावर बॉयकॉटचा ठराव झाला. महाराष्ट्रात टिळकांनी तो उचलला. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण ही चतुःसूत्री आपण पाठ केलेली आहेच. जातपंचायतीचा जुना शब्द एका साम्राज्याविरुद्ध उभा राहिला, त्याची दिशा उलटी झाली.

त्याच वर्षी बनारसला काँग्रेसचे अध्यक्ष होते गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी बंगालचा हे हत्यार वापरण्याचा हक्क मान्य केला. पण या शब्दाबद्दल सावधही केलं. त्यांचं म्हणणं असं, की हा शब्द जिथून आला त्यामुळे त्याला एक वाईट वास आहे. तो ऐकताच दुसऱ्याला इजा करण्याची सूडाची इच्छा आधी मनात येते. म्हणून हे हत्यार अगदी शेवटच्या प्रसंगासाठी राखून ठेवा. गोखल्यांना मवाळ म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण एक शब्द वापरण्याआधी त्याचा इतिहास तपासावा, हे त्यांनी केलं होतं.

आणि मग येतात डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९२४ ची 'बहिष्कृत हितकारिणी सभा', १९२७ चं 'बहिष्कृत भारत'. नावं नीट बघा. चतुःसूत्रीत बहिष्कार घालणाऱ्याच्या बाजूनं शब्द येतो. इथे ज्याच्यावर घातला त्याच्या बाजूनं येतो. मुंबई सरकारनं १९२८ मध्ये नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. १९३० च्या तिच्या अहवालात खेड्यातल्या बहिष्काराचं वर्णन आहे. दलितांनी सार्वजनिक विहिरीवर हक्क सांगितला, की जमीन कसायला मिळत नाही, मजुरी बंद, वहिवाटीचा रस्ता बंद, वाणी सामान देत नाही. चांगले कपडे घातले, जमिनीचा तुकडा विकत घेतला, नवरदेव घोड्यावर बसवून वरात काढली, एवढंही कारण पुरत असे.

लोहार नाही, दुकानदार नाही, मजूर नाही. लॉक मास्कला जे घडलं तेच सगळं इथे आहे. फरक एवढाच की बॉयकॉटसाठी हजारभर शिपाई आले होते. महारवाड्यासाठी कोण येणार?

म्हणून गोलमेज परिषदेत बाबासाहेब आणि आर. श्रीनिवासन यांनी बहिष्कार हा गुन्हा ठरवावा अशी मागणी केली. कलमांचा नमुना त्यांनी घेतला १९२२ च्या ब्रह्मदेशातल्या बॉयकॉटविरोधी कायद्यावरून. सरकारनं केलेला तो कायदा त्यांनी गावकुसाबाहेरच्या माणसाच्या रक्षणासाठी मागितला.

हा पेच आपल्यापुरताच नव्हता. डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस अमेरिकेतल्या माँटगोमेरीच्या कृष्णवर्णीयांनी शहराच्या बसवर बहिष्कार घातला. मार्टिन ल्युथर किंग यांना सुरुवातीला हाच प्रश्न पडला होता. गोऱ्यांच्या संघटनाही कृष्णवर्णीयांची कर्जं आणि नोकऱ्या तोडून असाच दबाव आणत होत्या. मग आपण तेच करतोय का? विचार करून ते या निष्कर्षावर आले, की आपण अन्यायी व्यवस्थेशी असहकार करतो आहोत, बसकंपनीला बुडवणं हा आपला हेतू नाही.

आपल्याकडे कायद्यालाही या शब्दाशी झगडावं लागलं. १९४९ मध्ये मुंबई राज्यानं जातीबाहेर, धर्मसमाजाबाहेर काढण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या खटल्यात १९६२ साली सुप्रीम कोर्टानं तो रद्द ठरवला. नंतर महाराष्ट्रानं सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा केला, तो ३ जुलै २०१७ पासून लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. एकविसाव्या शतकात जातपंचायतींसाठी असा कायदा लागला, हे विसरू नये.

आता परत वहीकडे येऊ. बॉयकॉट म्हणजे बहिष्कार, हा अर्थ चुकीचा नाही, अपुरा आहे. इंग्रजीत हे काम तीन शब्दांत वाटलेलं आहे. समाजातून वेगळं पाडणं ते 'ऑस्ट्रसाइज', धर्मसंस्थेनं बाहेर काढणं ते 'एक्सकम्युनिकेट', आणि सगळ्यांनी मिळून व्यवहार तोडणं ते 'बॉयकॉट'. मराठीत या तिन्हींना एकच 'बहिष्कार' पुरतो. म्हणून आपल्या वर्तमानपत्रात 'मतदानावर बहिष्कार' आणि 'कुटुंबावर बहिष्कार' एकाच पानावर छापून येतात, आणि एका बातमीतला माणूस हक्क वापरत असतो, दुसऱ्या बातमीतल्या माणसाचा हक्क हिरावला जात असतो. शब्द मात्र तोच.

तेव्हा आपल्या मुलांना हा शब्द शिकवताना उजवीकडे अर्थ लिहून थांबू नये. खाली दोन प्रश्न लिहून घ्यावेत. कोणी घातला? कोणावर घातला? ज्याच्यावर घातला त्याला दुसऱ्या दिवशी पीठमीठ मिळणार आहे का, हेही विचारावं. ते मिळणार असेल तर तो बॉयकॉट असू शकतो. मिळणार नसेल, तर तो वाळीत टाकण्याचाच प्रकार आहे, मग त्याला नाव काहीही द्या.