उतरता येईल, पुन्हा उडता येईल का?

१९४२ सालचा हिवाळा. केंटमधल्या हॉकिंज हवाई तळावरून उडालेल्या वॉलरसमध्ये, म्हणजे जमिनीवर आणि पाण्यावरही उतरू शकणाऱ्या बचाव विमानात, तुम्ही वैमानिकाच्या मागे बसला आहात. खाली इंग्लिश खाडी. इंजिन डोक्यावर, दोन पंखांच्या मध्ये घरघरतंय. पाण्याच्या तडाख्यापासून वाचावा म्हणून त्याचा पंखा मागच्या बाजूला बसवलाय. तेवढ्यात पिवळा ठिपका दिसतो. रबरी होडी, आणि तिच्यात एक माणूस.

इतक्या उंचीवरून समुद्र सपाट वाटतो. त्यावर विसंबू नका. फेसाचे पट्टे वाऱ्याची दिशा दाखवतात, पण मोठ्या लाटांच्या रांगा भलत्याच बाजूने येताहेत, आणि विमान मोडतं ते या रांगांवर. वैमानिक घिरट्या घालत त्या न्याहाळतो.

"चाकं?" तो ओरडतो.

"वर!"

हे विचारायलाच हवं. युद्धाआधी अ‍ॅडमिरल रॉजर बॅकहाउस यांना घेऊन आलेलं वॉलरस चाकं खाली असतानाच पाण्यावर टेकलं आणि तिथल्या तिथे उलटलं. माणसं किरकोळ जखमांवर निभावली, हे नशीब.

आता आपला वैमानिक लाटांच्या रांगेला समांतर उतरतो. समोरून भिडला तर विमानाचं नाकच लाटेत घुसेल. वेग तोडलेला, नाक किंचित वर. पहिला दणका थेट मणक्यात बसतो. या वेगाला पाणी फरशीसारखं कडक लागतं. विमान उसळून पुन्हा हवेत जातं, पण उडत राहण्याइतका वेग आता अंगात नाही. सगळ्यात वाईट क्षण हाच. थोडं थ्रॉटल, नाक सावरलेलं, आणखी दणके, आणि मग तुम्ही चक्क एका होडीत बसलेले असता, वरखाली हेलकावत.

रबरी होडीतल्या त्या माणसाची बोटं गारठून वळेनाशी झालीत. तुम्ही फेकलेला दोर त्याच्या हातातून निसटतो. शेवटी जॅकेटच्या गळ्याला धरून तुम्ही त्याला आत ओढता. तो स्पिटफायरचा वैमानिक आहे. त्याचं विमान आणि हे विमान, दोन्हींचे रचनाकार एकच: १९३७ मध्ये वारलेले आर. जे. मिचेल.

आता उडायचं? वैमानिक लाटांकडे बघतो आणि मान हलवतो. पुरेसा वेग येण्याआधीच एखादी लाट विमानाला वर भिरकावेल, ते आपटेल, पंखाच्या टोकाखालचा फ्लोट तुटेल, तो पंख पाण्यात जाईल. शिवाय आता एका माणसाचं वजन वाढलंय.

म्हणून तो नाक इंग्लंडच्या किनाऱ्याकडे वळवतो आणि पाण्यावरूनच निघतो. वाटेत बचाव दलाची वेगवान बोट भेटली तर वाचवलेला माणूस तिच्या हवाली, नाहीतर थेट बंदरापर्यंत. कित्येक वॉलरस असेच पाण्यावरून घरी परतले. त्यांच्या वैमानिकांना मी मानतो ते खवळलेल्या समुद्रात उतरण्यासाठी, आणि त्याहून अधिक, न उडण्याच्या या निर्णयासाठी.