मृत्युविचार : जुना व नवा

पूर्णा हें परभणी जिल्ह्यांतील रेल्वेचें जंक्शन. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा आणि अकोल्याहून येणारा असे दोन लोहमार्ग येथें मिळतात. आणि जवळच पूर्णा नदी गोदावरीस मिळते. या भागांत माणूस गेला म्हणजे त्याच्या अस्थि बहुधा गोदावरीस अर्पण होतात. त्या कोणाच्या हें नदीला ठाऊक नसतें. कांठावर उभ्या असलेल्या मुलाला मात्र तें ठाऊक असतें. आजच्या भाषणाचा सारा विषय या एका भेदांत सामावलेला आहे.

अस्तित्ववाद म्हटला कीं पॅरिसमधील उपाहारगृहें आणि दुसऱ्या महायुद्धानंतरचें नैराश्य एवढेंच चित्र पुष्कळांच्या डोळ्यांपुढें येतें. त्याचें मूळ याहून जुनें आहे. डेन्मार्कमधील कीर्केगार्ड (1813–1855) यानें, सत्य केवळ सिद्धांतांत नसतें, तें ज्याचें त्यानें जगून पाहावें लागतें, असा आग्रह धरला. पुढें 1927 सालीं जर्मन तत्त्वज्ञ हायडेगर यानें आपल्या मुख्य ग्रंथांत मृत्यूविषयींच्या आपल्या नित्याच्या बोलण्याची झडती घेतली. 'माणूस मरायचाच' असें आपण सहज म्हणतों, कारण त्या वाक्यांतील माणूस म्हणजे आपण नव्हे! मृत्यु सर्वांचा केला कीं तो कोणाचाच राहत नाहीं. परंतु माझें मरण माझ्याऐवजीं दुसरा कोणी मरूं शकत नाहीं. आणि म्हणूनच माझें जगणेंही मला दुसऱ्यावर सोंपवितां येत नाहीं. सार्त्रला हायडेगरचें मृत्यूविषयींचें विवेचन मान्य नव्हतें. पण 29 ऑक्टोबर 1945 च्या पॅरिसमधील प्रसिद्ध व्याख्यानांत त्यानेंही हीच जबाबदारी ज्याच्या त्याच्या शिरावर ठेवली.

हा विचार आपणांस अगदींच अपरिचित होता काय? सुमारें 700 वर्षांपूर्वींचा एक प्रसंग पाहूं. शके 1260, म्हणजे 1338 सालीं, मंगळवेढ्यास गांवकुसाचें काम चालू असतां भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखालीं गाडले गेले. त्यांत चोखामेळा होते. महार म्हणून ज्यांना पंढरीच्या देवळांत पाऊल टाकतां आलें नाहीं, त्यांना मरणही असें ढिगाऱ्यांत आलें. हें वर्तमान कळल्यावर नामदेव तेथें गेले. या नामदेवांचें जन्मस्थान परंपरेनें नरसी मानलें जातें. हें गांव पूर्वीं परभणी जिल्ह्यांत होतें, 1999 पासून हिंगोली जिल्ह्यांत आहे. परंपरा सांगते कीं नामदेवांनीं एकेका अस्थीला कान लावला. जींतून विठ्ठलाचें नाम ऐकूं आलें ती चोखोबांची, असें ओळखून त्यांनीं त्या अस्थि पंढरपुरास आणिल्या आणि महाद्वारासमोर समाधि बांधिली.

यांतील चमत्कार क्षणभर बाजूस ठेवूं. 'मजूर मेले' एवढ्यावरच जेथें गोष्ट संपायची, तेथून एका स्नेह्यानें एक माणूस वेगळा काढला, हें तरी शिल्लक राहतेंच. मात्र यावरून संतांना अस्तित्ववादी ठरविण्याचा मोह टाळला पाहिजे. कान लावला असतां कांहीं ऐकूं येईल अशी नामदेवांची श्रद्धा होती. आधुनिक माणूस कान लावतो आणि तेथें त्याला शांतता भेटते. शिवाय, उरलेल्या मजुरांच्या अस्थींचें काय झालें, हा प्रश्न जुन्या कथेला पडला नाहीं. तो आपणांस पडतो.

ही शांतता मराठी साहित्यांत शिरली ती महायुद्धानंतर. आकाशवाणीच्याच सेवेंत असलेल्या बा. सी. मर्ढेकरांचा 'कांहीं कविता' हा संग्रह 1947 सालीं निघाला. त्यांतील पिंपांतल्या मृत उंदरांच्या कवितेनें केवढें वादळ उठलें! त्याच वर्षीं फ्रान्समध्यें कामूची प्लेगवरील कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि तिचा आरंभही मेलेल्या उंदरांनींच होतो. एकानें दुसऱ्याचें पाहून लिहिलें नव्हतें. माणसाचें मरण किती स्वस्त झालें आहे हें दोघांनींही पाहिलें होतें. पुढें 1963 सालीं भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' आली. तींत पांडुरंग सांगवीकराची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगानें जाते. देवाची इच्छा, हें उत्तर पांडुरंगाला पुरत नाहीं. आणि त्याचा शोक त्या एका मुलीचाच शोक राहतो.

श्रोतेहो, घरांत मृत्यु घडला म्हणजे समाचारास आलेली मंडळी 'सर्वांनाच जायचें आहे' असें म्हणतात. त्यांचा हेतु चांगला असतो आणि वाक्यही खरें असतें. परंतु त्या वाक्यानें गेलेला माणूस पुन्हा ढिगाऱ्यांत जाऊन पडतो. नामदेवांची श्रद्धा ज्याच्यापाशीं आहे त्यानें ती जपावी. ज्याच्यापाशीं ती नाहीं, त्यालाही त्यांचें अर्धें काम करतां येईल: त्या घरीं जाऊन बसावें, गेलेल्याचें नांव घ्यावें, आणि जी दुसऱ्या कोणाचीही असूं शकणार नाहीं अशी त्याची एखादी आठवण सांगावी.