छावणीचे नगर : उल्हासनगरच्या नावांचा एक विचार

लष्करी तळातून शहर निर्माण होणे ही इतिहासात नवलाची गोष्ट नव्हे. रोमन सैन्याच्या तळाला लॅटिन भाषेत ‘कास्त्रा’ म्हणत. मँचेस्टर, लँकेस्टर ह्या नावांच्या अंत्यपदांत तो शब्द अद्याप टिकून आहे. दौलतराव शिंद्यांच्या तळावरून ग्वाल्हेरच्या एका भागास ‘लष्कर’ हे नाव पडले. ह्या शहरांना सैन्याने जन्म दिला आणि सैन्यानेच पोसले. कल्याणजवळच्या छावणीची कथा मात्र निराळी आहे. तेथे सैन्य निघून गेले आणि त्याने सोडलेल्या चौकटीत अगदी वेगळे लोक येऊन राहिले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याण जंक्शनजवळ सरकारने सैनिकांसाठी तात्पुरता तळ उभारला. त्यात दोन हजारांहून अधिक बराकी होत्या. युद्ध संपताच त्या ओस पडल्या. 1947 च्या फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांची सोय ह्याच बराकींत करण्यात आली. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली व तिला ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. 1951 च्या जनगणनेत तिची लोकसंख्या 80 हजारांच्या घरात होती. 1960 मध्ये तेथे नगरपालिका आली, तर 1996 मध्ये महानगरपालिका.

हे नाव द्व्यर्थी आहे. ते नदीचे आहे, आणि आनंदाचेही. सिंधूकाठच्या माणसांस उल्हासकाठी वसविताना यापेक्षा समर्पक नाव सुचणे कठीण होते. तथापि लोकव्यवहाराने ते निम्मेच स्वीकारले. आजही शहराचे विभाग एक ते पाच ह्या क्रमांकांनी ओळखले जातात, आणि कल्याणचा रहिवासी ‘कॅम्पात जाऊन येतो’ असे सहज म्हणतो. पुष्कळ पत्त्यांत रस्त्याऐवजी बराकीचा क्रमांक असतो, मग ती बराक पाडून तेथे इमारत उभी राहिलेली का असेना. वस्तू नाहीशी झाली तरी तिचा क्रमांक उरला.

ह्यास केवळ सवय म्हणता येणार नाही. जे तात्पुरते म्हणून बांधले गेले, तेच कायमचे घर ठरले. कुटुंबे वाढली तशी बराकींना खोल्या जोडल्या गेल्या, पुढे मजले चढले, आणि नियमबाह्य बांधकामांचा प्रश्न एवढा वाढला की ती नियमित करण्यासाठी महाराष्ट्र शासनास 2006 मध्ये केवळ ह्या शहरापुरता अधिनियम करावा लागला. छावणीची तात्पुरती अवस्था अशा रीतीने अर्धशतकाहून अधिक काळ कायद्याच्या दारात ताटकळत राहिली.

भाषेची स्थितीही काहीशी तशीच होती. सिंधी भाषकांना भाषावार प्रांतरचनेत स्वतःचा प्रदेश मिळणे शक्य नव्हते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत त्यांच्या भाषेस स्थान मिळाले तेही 1967 मध्ये. अरबी आणि देवनागरी अशा दोन लिपींत विभागलेली ही भाषा घरात व बाजारात बोलली गेली. परंतु तिला आधार देणारा भूभाग सीमेपलीकडे राहिला.

‘निर्वासित’ ह्या शब्दाचा मूळ अर्थ वसतिस्थानातून घालविलेला असा आहे. ज्याला पुन्हा वसती लाभली त्यास तो लागू पडू नये. पण माणूस वसल्यानंतरही त्याच्या पत्त्यात छावणीचा क्रमांक राहतो, हे उल्हासनगर दाखविते. स्थलनामांच्या अभ्यासकाने म्हणूनच शासकीय नकाशाबरोबर टपालाचे पाकीटही वाचले पाहिजे.