आयर्न मॅनचं चिलखत

आयर्न मॅनच्या चिलखताचा इतिहास सांगताना बहुतेक जण यादी देतात. पहिलं करडं, मग सोनेरी, मग लाल-सोनेरी, मग आणखी हलकं. पण राजांची यादी पाठ करणं म्हणजे इतिहास नव्हे, हे वर्गात सांगून सांगून माझा घसा बसला होता! चिलखतालाही तोच नियम. ते कोणी केलं, कुठे केलं आणि कशासाठी, हे आधी विचारावं.

मार्च १९६३ च्या 'टेल्स ऑफ सस्पेन्स' या अमेरिकन चित्रकथा मासिकाच्या ३९ व्या अंकात ते पहिल्यांदा दिसलं. कल्पना स्टॅन ली यांची, संहिता त्यांचे बंधू लॅरी लीबर यांची, चित्रं डॉन हेक यांची. नायक टोनी स्टार्क हा शस्त्रांचा कारखानदार. आपली शस्त्रं जंगलात कशी चालतात ते बघायला तो व्हिएतनामला जातो. तिथे पेरलेल्या सापळ्यात स्फोट होतो, धातूचे कपचे हृदयाजवळ रुततात आणि तो वाँग-चू नावाच्या बंडखोर म्होरक्याच्या कैदेत पडतो. आम्हाला शस्त्र करून दे, मग तुझ्यावर शस्त्रक्रिया करू, असं आमिष त्याला दाखवलं जातं. त्याच कैदेत यिन्सेन नावाचे वयस्क शास्त्रज्ञ असतात. शस्त्राच्या नावाखाली दोघं मिळून लोखंडी चिलखत घडवतात. त्यात वीज भरायला वेळ हवा असतो. तो मिळावा म्हणून यिन्सेन बाहेर धावत सुटतात आणि मारले जातात.

सैनिकाला यंत्राचं बळ देणारा पोशाख ही काही लींची कल्पना नव्हे. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'स्टारशिप ट्रूपर्स' या १९५९ च्या कादंबरीत तो आहेच. पण तिथे तो फौजेचा गणवेश आहे. इथे मात्र छातीवरचं पत्र हे मुळात हृदय चालू ठेवणारं यंत्र, बाकीचं लोखंड त्याच्याभोवती आलेलं. आणि ज्या शस्त्रांच्या धंद्याने स्टार्कला त्या जंगलात नेलं, त्याच धंद्याच्या कौशल्याने तो स्वतःला वाचवतो. युद्धाचा तिटकारा असलेल्या तरुणांना शस्त्रांचा कारखानदार आवडून दाखवायचा, अशी आपण स्वतःशीच पैज घेतली होती, असं लींनी पुढे सांगितलं.

हे सारं चालायचं कशावर? ट्रान्झिस्टरवर! आज हसू येतं. पण १९४७ साली बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या त्या चिमुकल्या वस्तूचा साठच्या दशकात केवढा दबदबा होता! आपल्याकडे तर रेडिओलाच ट्रान्झिस्टर म्हणत, आणि तो खांद्याला अडकवलेला माणूस गावातून जरा छाती काढूनच चाले. गोष्टीतला नायक मात्र पत्रातली वीज संपत आली की भिंतीतला प्लग शोधत फिरे. मला तो तिथे सर्वात जवळचा वाटतो.

पुढच्याच अंकात, लोक घाबरतात म्हणून, चिलखत सोनेरी झालं. डिसेंबर १९६३ च्या ४८ व्या अंकात स्टीव्ह डिटको यांनी लाल-सोनेरी, सुटसुटीत रूप दिलं. कागदावर हे झटपट होतं. प्रत्यक्षात जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९६५ पासून 'हार्डिमन' नावाचा असा सांगाडा करून पाहिला. वजन सुमारे ६८० किलो. सगळे अवयव एकदम चालवायला गेलं की तो बेफाम झटके देई. १९७१ पर्यंत धड चालला तो एक हात.

स्टार्कचं चिलखत हलकं होत गेलं, तसा त्याचा मनस्ताप वाढत गेला. सायगाव पडलं त्याच वर्षी, १९७५ मध्ये, व्हिएतनाममध्ये आपल्या शस्त्रांनी काय केलं हे आठवून खंतावणारा स्टार्क एका अंकात आला. बारा वर्षांत हाच नायक कुठून कुठे आला पाहा. १९७९ साली एक प्रतिस्पर्धी उद्योगपती दुरूनच चिलखताचा ताबा घेतो आणि त्याच्या हातून एका राजदूताचा बळी जातो. लेखक होते डेव्हिड मिशेलिनी आणि बॉब लेटन. त्याच दोघांनी १९८७-८८ मध्ये 'आर्मर वॉर्स' लिहिली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ही सर्वात कसदार कथा. आपलं तंत्र चोरीला जाऊन भलत्यांच्या चिलखतांत पोहोचलंय हे कळल्यावर स्टार्क एकेकाला गाठून ती निकामी करत सुटतो. त्यात सरकारी रक्षकांनाही सोडत नाही, जुन्या मित्राशी भांडतो आणि रशियन हद्दीत एक माणूस त्याच्याशी लढताना मरतो. एकदा बाहेर गेलेलं ज्ञान परत आणता येतं का? अणुबाँब बनवणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता.

२००५ मध्ये सुरू झालेल्या 'एक्स्ट्रीमिस' या कथेत ही सारी जन्मकथाच व्हिएतनाममधून अफगाणिस्तानात हलवली गेली. २००८ च्या चित्रपटानेही तेच केलं. २०१३ साली अमेरिकेच्या विशेष दलांनी 'टॅलोस' नावाचा तसलाच पोशाख करायला घेतला, वर्तमानपत्रांनी लगेच त्याला आयर्न मॅन म्हटलं, आणि २०१९ मध्ये तो बेत गुंडाळावा लागला.

त्याच २०१९ मध्ये मार्व्हलने आपल्या विश्वाचा इतिहास नव्याने मांडला. पात्रांचं वय वाढू द्यायचं नाही, मग युद्ध किती दिवस खरं ठेवणार? म्हणून व्हिएतनामच्या जागी सिआनकाँग हा काल्पनिक देश आला. आता स्टार्क तिथे जखमी होतो आणि यिन्सेनही तिथेच मरतात.